हाकेला एकच ओ

पनवेलच्या मे महिन्यात डोक्याला माकडटोपी चढवून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तोच माझा पहिला साहेब निघाला. टोपीला कारण होतं. आमच्या सर्व्हर रूमचा एसी इतका गार, की आत थोडा वेळ बसलं तरी कान दुखायला लागायचे. पण कारण खोलीच्या आत राहायचं आणि टोपी बाहेरही यायची. जेवायला निघाले तरी टोपी, एसटी स्टँडवर आपल्या आपटा गावच्या गाडीची वाट बघत उभे राहिले तरी टोपी. लोक वळून बघायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, टोपी राहिलीय डोक्यावर." तर म्हणाले, "राहिली नाही, ठेवलीय. सारखी काढघाल केली की वस्तू हरवते."

सगळे त्यांना सर म्हणायचे. मालकसुद्धा. कंपनी आमची मासळीची. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठं कोल्ड स्टोरेज. बंदरावरून मासळी यायची, साफ व्हायची, गोठायची, आणि खोक्यांत बसून परदेशी जायची. खाली थंड खोल्या, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या टोकाला जिन्यालगत आमची सर्व्हर रूम. तिथे सर मुख्य आणि मी त्यांची नवी मदतनीस. मी उरणजवळच्या मोऱ्याची. बाबांची होडी आहे. मी कॉम्प्युटर शिकून शेवटी मासळीच्याच कंपनीत लागले याची बाबांना भारी मौज वाटली होती. "धंदा मावऱ्याचाच, पन खुर्चीवर बसून. चांगला हाय," असं ते जेट्टीवर भेटेल त्याला सांगत सुटले होते.

सर मात्र पक्के शाकाहारी. उभी नोकरी मासळीच्या कंपनीत काढली, पण मासळी त्यांना खोक्यावरच्या कोडवरूनच कळायची. कोणता कोड सुरमईचा, कोणता कोळंबीचा, कोणत्या खोलीत किती थंडी लागते, सगळं तोंडपाठ. आणि एक दिवस मला हळूच विचारतात, "काय गं, ही सुरमई दिसते कशी?" मला हसू आवरेना. मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरी आहे की." जणू लग्नाची मुलगी बघत होते!

माणसांशी त्यांचं बोलणं तुटक असे, यंत्रांशी मात्र अदब. मला अगं, शिपायाला अरे, आणि सर्व्हरला अहो. मशीन बंद करून चालू केलं आणि मी घाईने काही टाइप करायला गेले, की हात वर करून थांबवायचे. "त्यांना जरा उठू दे. डोळे उघडले नाहीत तोवर तू कामं सांगायला लागलीस." खोलीत शिरताना चपला बाहेर. धुळीसाठी, असं ते सांगत. मला तरी ते देवळात शिरल्यासारखेच वाटायचे, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती.

त्यांचा सगळ्यात मोठा सोस म्हणजे लोंबतं टोक. कुठलंही टोक लोंबताना दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. केबलचं टोक मोकळं सुटलेलं दिसलं की ते लगेच गुंडाळून खिळ्याला लागायचं, नाहीतर कुठेतरी खोचलं जायचं. केबलपुरतं असतं तर ठीक होतं. माझ्या ओढणीचं टोक खुर्चीवरून खाली आलं की "अगं, टोक" असा आवाज यायचा. कॅन्टीनमध्ये चहाच्या पिशवीचा दोरा कपाबाहेर लोंबला, तर ते दुसऱ्याच्या कपाच्या कानाला तो बांधून मोकळे व्हायचे. एसटी स्टँडवर एका अनोळखी माणसाच्या सॅकचा सुटलेला पट्टा त्यांनी त्याला न विचारता आत खोचला होता, आणि तो माणूस पाकीट गेलं की काय म्हणून खिसे चाचपत राहिला. मी शेजारी उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

आता त्यांच्या हाकेबद्दल सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सर्व्हर रूमपासून खालच्या थंड खोल्यांपर्यंत इमारतभर केबली गेल्या होत्या. कुठली केबल कुठे जाते हे बघायचं असलं, की सर एका टोकाला आणि मी दुसऱ्या. खिशात मोबाइल असायचा, पण त्यांना तो चालायचा नाही. ते केबलला हिसका द्यायचे आणि गच्चीवरून बोंब ठोकल्यासारखी हाक मारायचे. ज्या केबलला हिसका बसलेला दिसेल तिच्यापाशी उभं राहून मी ओ द्यायची. सगळं ऑफिस ऐकायचं. मालकही तसलेच. ते कधी आत यायचे नाहीत, चपला काढायचा कंटाळा. जिन्यातूनच ओरडायचे, "सर्व्हर रूम!" आणि आतून सरांची खणखणीत ओ जायची. मग मालक आहेत तिथूनच काम सांगायचे.

मी नवीन असताना सरांनी मला हाक मारली, आणि अकाउंटवाल्या बाईंनी आपल्यालाच बोलावलं असं समजून माझ्याबरोबर ओ दिली. दोन बाजूंनी दोन ओ. झालं, सर टोपीसकट बाहेर आले. "हाक कोणाला मारली होती?" बाई म्हणाल्या, "मला वाटलं, मला." त्यावर सरांनी भर ऑफिसात भाषण दिलं. हाक ज्याला मारली त्यानेच ओ द्यायची. दोघांनी दिली की हाक मारणारा खुळावतो आणि काम तिसरीकडेच जातं. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण मला नेटवर्क म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. कॉलेजात मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. कळलं नव्हतं. खोलीत परत आल्यावर सर म्हणाले, "हे कॉम्प्युटरसुद्धा हेच करतात. एखाद्या पत्त्यावर काही पाठवायचं असलं की आधी आपल्या आळीत ओरडून विचारतात, हा पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो म्हणतो, माझा, आणि आपली खूण सांगतो. विचारणारा ती खूण लक्षात ठेवतो आणि सामान तिकडे धाडतो. एका पत्त्याला एकच ओ. सगळा कारभार एवढ्यावर चाललाय."

आमच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती. सर त्याला दोन दारांचं घर म्हणायचे. पुढचं दार ऑफिसच्या आळीत उघडायचं, तिथून बिलं, हिशेब, इतर कॉम्प्युटर. मागचं दार थंड खोल्यांच्या आळीत. तिथे प्रत्येक खोलीत तापमान मोजणारा मीटर होता आणि तो आपलं माप सतत सर्व्हरकडे पाठवत राहायचा. दोन आळ्यांना दोन वेगळे स्विच. स्विच म्हणजे एका आळीच्या सगळ्या केबली जिथे एकत्र येतात ती पेटी. त्या दोन पेट्या एकाच कपाटात, एक वर, एक खाली. "इकडची हाक तिकडे ऐकू जाता कामा नये," हे सर मला येताजाता बजावायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला खोलीची पूजा झाली. खाली कामगारांनी कटर, वजनकाटे, ट्रॉल्या पुजल्या. वर सर्व्हर रूमची पूजा सर स्वतः करायचे, दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत. कोरड्या फडक्याने कपाट पुसलं. सर्व्हरच्या पत्र्याला बोटभर हळदकुंकू लावलं. अक्षता मात्र खोलीबाहेर उंबऱ्यावर वाहिल्या, कारण तांदूळ मशीनच्या पंख्यात जातात. मग झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण कपाटाला बांधलं, मला पेढा दिला, आणि सर्व्हरला नमस्कार करून म्हणाले, "सांभाळून घ्या." दुसऱ्या दिवशी आपट्याहून येताना पिशवीभर आपट्याची पानं आणली आणि सगळ्या ऑफिसला सोनं वाटलं. अकाउंटवाल्या बाईंनाही दिलं. तेव्हा त्या पुन्हा बोलायला लागल्या.

त्याच आठवड्यात मी लिहिलेला नवा प्रोग्रॅम सर्व्हरवर चढला. मीटरांकडून येणारी मापं गोळा करून खोलीवार नोंद ठेवायची, हे त्याचं काम. माझं पहिलं मोठं काम. ते नीट चाललं की दिवाळीनंतर मला कायम करायचं, असं मालकांनी सांगितलं होतं. घरी आईने तेवढ्यावर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं, आमची पोर पर्मनंट झाली म्हणून.

आणि दसरा झाल्यावर बिघडलं. आधी सर्व्हरच्या पडद्यावर एक इशारा दिसायला लागला. इंग्रजीतली ती ओळ आपल्या भाषेत सांगायची तर, अमुक पत्ता मागच्या दाराचा आहे, पण ओ पुढच्या दारातून आली. थोड्या वेळाने तीच ओळ. मग परत. पडदा भरून जायचा. बाकी सगळं चालू दिसत होतं, म्हणून आम्ही दोघं मालकांची दुसरी कामं उरकत ते बघू म्हणत राहिलो. तेवढ्यात तापमानाच्या नोंदींत खाडे पडलेले सापडले. थोडा वेळ माप आलंय, मग मध्येच कोरं, मग पुन्हा आलंय. मासळी ठणठणीत गोठलेली होती. खालचे ऑपरेटर हातातल्या थर्मामीटरने रोज बघत होते. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला सलग नोंद हवी. नोंदीत खाडा दिसला की तो म्हणणार, त्या वेळात तुमची खोली गरम नव्हती कशावरून? आणि तसंच झालं. एक मोठा माल तयार होऊन अडकून पडला.

मालक वाईट माणूस नव्हते. दिवाळीला प्रत्येकाच्या घरची चौकशी करणारे होते. पण अंगावर आलं की माणूस आधी नाव शोधतो. दसऱ्यानंतर बिघडलं, आणि दसऱ्याला नवीन काय आलं? नवी मुलगी आणि तिचा नवा प्रोग्रॅम. याहून सरळ हिशेब कुठला? त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणाले, "मी हिचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलाय. नावं भिकार ठेवलीत, पण खोट नाही."

"खोट नाही तर खाडे कुठून आले?" मालक म्हणाले. "सर, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. मला गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायला लागेल. शुक्रवारपर्यंत कारण आणा. नाहीतर पोरीला मी ठेवू शकत नाही."

मी तिथे रडले नाही. बाहेर येऊन रडले. आई शेजारणींना काय सांगेल, हे आधी मनात आलं. मग बाबा. ते काही बोलणार नाहीत, हे माहीत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मालकांच्या ओळखीतला एक सल्लागार होता. त्याने फोनवरून तोडगा सांगितला. सर्व्हरला एक सूचना लिहायची, की तो इशारा दिसायचा बंद. मला तेवढाच आधार वाटला. निदान पडदा तरी स्वच्छ दिसेल, मालक कधी नव्हे ते आत बघायला आले तर बरं दिसेल. मी लिहायला बसले, आणि सरांनी माझा कीबोर्ड उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

"कोणी हाक मारतंय, आणि तू कानात बोळे घालतेस?"

"सर, शुक्रवार आलाय."

"येऊ दे. ते बिचारे दसऱ्यापासून ओरडून सांगतायत की माझ्या दोन्ही दारांत एकच हाक ऐकू येते. आणि आपण काय करायचं, तर त्यांचं तोंड दाबायचं?" ते बिचारे म्हणजे सर्व्हर. मला सरांचा इतका राग आला! नोकरी माझी चालली होती आणि यांना पुळका मशीनचा. मी तसं म्हटलंही. "तुम्हाला काय होतंय सर, जाणार मी आहे."

ते रागावले नाहीत. टोपी कानांवर खाली ओढली आणि म्हणाले, "ऊठ. केबली बघू."

गुरुवारची दुपार आमची त्यात गेली. मी खाली थंड खोल्यांपाशी, ते वर. हिसका, हाक, ओ. एकेक मीटर झाला. सगळे आपापल्या जागी. मग ऑफिसातले कॉम्प्युटर झाले, तेही जागच्या जागी. सगळं बरोबर होतं, आणि तरी पडद्यावर तीच ओळ येत होती. शेवटी आम्ही दोघं कपाटासमोर उभे राहिलो. वरची पेटी, खालची पेटी, मध्ये केबलींची गर्दी, आणि वर कोपऱ्यात दसऱ्याचं तोरण. वाळून काळं पडलेलं. असलं तोरण कोणी काढत नाही, ते आपणहून गळेल तेव्हा गळेल.

सर तोरणाकडे बघत होते. बघतच राहिले.

"ते कशाला बांधलंय?" त्यांनी विचारलं.

"हुकाला."

"त्या हुकाला काय असायचं?"

मला चटकन आठवेना. मग आठवलं. वरच्या पेटीला कायमची लावलेली एक जादा केबल असायची, कधी लॅपटॉप जोडून तपासायला लागला तर असावी म्हणून. तिचं दुसरं टोक मोकळं, आणि ते वेटोळं करून त्या हुकाला अडकवलेलं असायचं. आता तिथे वेटोळं नव्हतं.

"तोरण कोणी बांधलं?"

"तुम्हीच, सर."

ते खाली वाकले. वरच्या पेटीतून निघालेली ती केबल बोटांत धरून हळूहळू खाली आले. ती गर्दीतून आत गेली होती, मागून वळली होती, आणि तिचं टोक खालच्या पेटीच्या एका रिकाम्या भोकात नीट खोचलेलं होतं. तोरणासाठी हूक मोकळा केला, वेटोळं सुटलं, टोक लोंबायला लागलं. आणि लोंबतं टोक सरांना दिसलं, तर दुसरं काय होणार?

दोन आळ्यांच्या मधली भिंतच त्या केबलने पाडली होती. मीटरने मागच्या आळीत मारलेली हाक पुढच्या आळीतही जात होती, आणि सर्व्हर दोन्ही दारांतून ओ देत होता. मीटर बिचारा कधी या दाराकडे माप पाठवी, कधी त्या. चुकीच्या दारात आलेलं माप सर्व्हर उचलत नव्हता. तेच आमचे खाडे.

सरांनी ते टोक उपसलं. आम्ही पडद्याकडे बघत थांबलो. ती ओळ आली नाही. बराच वेळ झाला तरी आली नाही. मीटरांची मापं एकामागून एक सरळ यायला लागली. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. सर स्टुलावर बसले. त्यांनी माकडटोपी काढली, आणि ते टोपीशिवाय इतके म्हातारे दिसतात हे मला पहिल्यांदा दिसलं.

"चल," ते म्हणाले. "सांगून येऊ."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सर त्या डिसेंबरात निवृत्त होणार होते, आणि मालकांनी मुदत वाढवावी अशी त्यांची फार इच्छा होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परगावी. "घरी बसून काय करू? आपट्याला नदी वाहते ती बघत बसू?" असं ते हसत म्हणायचे, पण मालकांच्या उत्तराकडे कान लावून होते. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मलाही. म्हणून मीच म्हटलं, "सर, कशाला सांगायचं? चालू झालं ना. केबल खराब होती म्हणून सांगू. कोणाला कळणारे?"

"आणि मग नाव कोणाचं राहील?"

टोपीची घडी करत तेच पुढे म्हणाले,

"खरं कारण सांगितलं नाही तर नाव तुझंच राहील. तू इथून गेलीस तरी राहील. कायम झालीस तरी राहील. दसऱ्याच्या वेळी घोळ घातला होता ती पोरगी. ज्याची हाक, त्याने ओ द्यायची. ही माझी आहे."

त्यांनी केबिनमध्ये जाऊन उभ्याउभ्या सांगितलं. आढेवेढे नाहीत, आपल्या वयाचा हवाला नाही. तोरण मी बांधलं, टोक मी खोचलं, इशारा दिसत असूनही मी लगेच केबली बघितल्या नाहीत. मुलीच्या प्रोग्रॅममध्ये खोट नाही. हेच गिऱ्हाइकाला लिहून द्या, खाली माझी सही घ्या. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर ते एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही?" आणि त्या दोन शब्दांत मला कळलं, की मुदतवाढ गेली.

गिऱ्हाइकाने कारण मान्य केलं, ऑपरेटरांची हाताने घेतलेली मापं जोडून माल सुटला. दिवाळीनंतर मी कायम झाले. डिसेंबरात सरांना शाल, श्रीफळ आणि फोटोफ्रेम मिळाली. मालकांनी चांगलं भाषण केलं, मनापासून केलं. मुदतीचं कोणी बोललं नाही. सरही नाही. शालीची झालर लोंबत होती, ती त्यांनी भाषण चालू असतानाच घडीत खोचली.

मी घरी बाबांना सगळं सांगितलं होतं. ते जाळं शिवत होते. हातातली सुई थांबली. "माज्या पोरीसाटी त्यानी सोताची नोकरी घालवली?"

"माझ्यासाठी असं नाही, बाबा. खरं होतं ते सांगितलं."

"तेच गो. खरा सांगनारा मानूस हाय." मग पुन्हा सुई चालवत म्हणाले, "पन त्यो मावरा खात नाय. त्याला द्यायचा तरी काय?" आमच्याकडे उपकार फेडायचे म्हणजे पापलेट, त्यावाचून बाबांना काही सुचेना. शेवटी त्यांनी जाळ्याच्याच सुताची एक छोटी पिशवी विणली, तोंडाला ओढायची दोरी असलेली. "तुमची ती वायर यात ठेवा. मंग हूक फुलांना मोकला." निरोपाच्या दिवशी मी ती सरांना दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, गाठी बोटाने दाबून पाहिल्या, आणि घरी न नेता स्वतः उठून कपाटाच्या आतल्या बाजूला बांधली. जादा केबलचं मोकळं टोक तिच्यात घालून दोरी ओढली. "हे आधी का नाही सुचलं?" म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते केबलींवर खेकसत होते.

त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. आज कुठलाही इशारा दिसला की मी तो बंद करायच्या आधी कोण हाक मारतंय ते बघते, आणि त्यामुळे माझी किती कामं वाचलीत याची गणतीच नाही. पण माझी कृतज्ञता त्यासाठी नाही. त्या गुरुवारी ते गप्प बसू शकले असते. बघायला फक्त मी होते, आणि मी तर त्यांना गप्प बसायलाच सांगत होते. माझी नोकरी माझ्या नावाला डाग न लागता राहिली, ती त्या माणसाने आपली इच्छा बाजूला ठेवल्यामुळे. हे मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही. त्यांना आवडलं नसतं. त्यांनी विषय बदलून माझ्या ओढणीच्या टोकावर आणला असता.

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांना फोन केला. पूजेला या म्हटलं. मला हळदकुंकू लावता येतं, पण खोलीला तुमची सवय आहे. ते आपट्याहून एसटीने आले. डोक्याला टोपी. चपला बाहेर काढल्या. मी आणलेलं तोरण त्यांनी हुकाला बांधलं आणि केबलींना हात लावायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. "त्या तू पूस. आता घर तुझं." मी एकेक केबल पुसली. बाबांच्या पिशवीवरची धूळ झटकली. त्यांनी सर्व्हरच्या पत्र्याला कुंकू लावलं, उंबऱ्यावर अक्षता वाहिल्या, आणि विचारलं, "हे बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. मालक. त्यांना सर आलेत हे ठाऊक नव्हतं.

"सर्व्हर रूम!"

इतक्या वर्षांची सवय. सरांची मान वर झाली, छाती भरली, ओठ उघडले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम थांबले. ती ओ त्यांचीच होती असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं.

त्यांनी ओठ मिटले. टोपी दोन्ही कानांवर खाली ओढली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ओ!" मी म्हटलं.